बिनजोडाची चटई

२ फेब्रुवारी

ही वही शाल्विनने दिली. तो दर महिन्याला राजधानीहून, सुवाहून, बोटीने येतो, आमच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून नेतो. वहीत काय लिहायचं ते त्यानेच पहिल्या पानावर लिहून दिलंय: नळ उघडला का, पाण्याचा रंग, वास, कुता किती कापलं. एवढंच. पण वही दोनशे पानांची आहे आणि नवरा गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. म्हणून उरलेल्या जागेत मी माझं लिहिणार. वही परत द्यायच्या आधी ती पानं फाडून घेईन.

आज नळ उघडला. पाणी कोऱ्या चहासारखं. वास: आहे.

गावातल्या एकतीस घरांच्या संडास-मोऱ्यांचं आणि डुकरांच्या खुराड्यांचं पाणी टाकीत येतं. गाळ खाली बसतो, नळ उघडला की वरचं पाणी दोन वाफ्यांत जातं. वाफ्यांत कुता लावलंय, ज्याच्या आम्ही चटया विणतो तेच गवत. त्याच्या मुळांतून गाळून पाणी ओढ्याला आणि मग समुद्राला. पूर्वी सगळं सरळ समुद्रात जायचं. प्रवाळावर शेवाळ माजलं होतं आणि मासे पळाले होते.

शाल्विन जाताना म्हणाला, "मावशी, एक विसरू नका. पाण्यातलं खत कुता खातं, पण पोटात ठेवतं. कापून वाफ्याबाहेर नेलं तरच ते गेलं. तिथेच कुजलं तर सगळं परत पाण्यात."

"कळलं रे. डुक्कर पोसायचं आणि कापायचंच नाही, असं झालं ते."

"अगदी तसंच. आणि तुम्ही 'कुता कापलं' म्हणता ना, तेव्हा माझ्या आजीला घाम फुटतो. आमच्या हिंदी बोलीत तो भुंकतो."

कापलेलं कुता मी केळीच्या बुंध्यांशी टाकते. त्याला दुसरं कोणी हात लावत नाही. हे काम मला मिळालं कारण कोणीच घेईना, आणि मला नाही म्हणता येत नाही. मी जन्माची भित्री. माझा आतेभाऊ इसोआ मला बघितलं की म्हणतो, "आली संडासाची महाराणी." आतेभावाला काहीही बोलायची मुभा असते, मामेबहिणीलाही असते. मी म्हणते, "तुझं पाणी मी लांबून ओळखते रे, ते नळाशी आलं की अडतं."

१९ फेब्रुवारी

आज तुरागा वाफ्यांवर आले. गावाचे धनी, ऐंशीला टेकलेले, छातीचं दुखणं. दोन वेळा बसत बसत उतार उतरले. सोबत इसोआ होता, कारण तो त्यांचा भालदार. तुरागांनी चारचौघांत स्वतः बोलायचं नसतं, ते कुजबुजतात आणि इसोआ मोठ्याने सांगतो. पण आज त्यांनी त्याला लांब उभं केलं.

एक काडी उपटली. बोटांत चिरडली, वास घेतला. मी खाली बसून राहिले, त्यांच्यापेक्षा डोकं वर नको म्हणून.

"हे कुता सगळ्या गावाला ओळखतं, वालेसी."

"हो, तुरागा."

"वाया घालवू नकोस."

बस. परत चढून गेले. मला रात्रभर झोप नाही. केळीला घालते ते वाया जाणं झालं का? की कोणी माझी चहाडी केली? त्यांचा आवाज रागाचा नव्हता, पण मोठी माणसं रागावतात तेव्हा आवाज कुठे चढवतात.

३ मार्च

ज्याची भीती होती ते मी केलंच. आता लिहून ठेवते म्हणजे छाती थोडी हलकी होईल.

रानातलं तळं आटलंय. उरलेलं कुता गुरांनी तुडवलं. तुरागांचं काही खरं नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण तोंडाने कोणी बोलत नाही. बायका नुसत्या अंत्यविधीच्या चटया विणायला लागल्या आहेत. प्रत्येक घरातून एक तरी जायला हवी. माझ्याकडे काडी नव्हती. मी, जिच्या आईच्या चटया पार बेटापलीकडे जायच्या, ती रिकाम्या हाताने जाणार होते.

म्हणून खालचं कापलं. धुतलं, तीनदा धुतलं. परसात वाळवलं. शेजारणींनी विचारलं तर सांगितलं, आतल्या गावच्या मावसबहिणीने पाठवलं.

आणि काय सांगू, असं कुता मी जन्मात हातात धरलं नव्हतं. मी दोन्ही हात पसरले तरी त्याहून लांब काडी. रानातली काडी संपते, दुसरी जोडावी लागते, म्हणून प्रत्येक चटईत जोडांची रेघ असते. हिच्यात एकही जोड नाही. कडेला लाल आणि हिरवी लोकर लावली. संपली तेव्हा मीच तिच्याकडे बघत बसले. मग ती कशातून उगवली ते आठवलं आणि गुंडाळून छपराखाली सारली.

नळ उघडला. माझ्या साखरेच्या दुखण्याच्या गोळ्या संपत आल्यात, आणायला हव्यात.

१५ मार्च

तुरागा काल दुपारी गेले.

आज चटया नेल्या. दाराशी ढीग झाला, शंभरावर असतील. मी माझी मुद्दाम मधे खुपसली, वर-खाली दिसू नये म्हणून. अंदी वासेमाथा, त्यांच्या मंडळी, एकेक चटई उलगडून बघत होत्या. माझी आली. त्यांनी हात फिरवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. बायका गप्प झाल्या. मला वाटलं, आता वास येणार, आता विचारणार.

त्या म्हणाल्या, "ही वर."

तुरागांना माझ्या चटईवर ठेवलंय. ज्या डोक्याला गावात कोणी हात लावू शकत नव्हतं ते डोकं. गावाच्या घाणीवर. देवा, मी काय करून बसले.

१८ मार्च

काल पुरलं. चटईसकट.

रिवाजाप्रमाणे समुद्रावर तांबू लागला. इसोआने प्रवाळापाशी खांब रोवला, वर नारळाची झावळी बांधली. आता, तुरागा गेले त्या रात्रीपासून धरून, शंभर रात्री तिथे गळ नाही, जाळं नाही. शंभराव्या रात्रीनंतर जो मासा निघेल त्याचं गावजेवण. तोवर जो तांबू मोडेल त्याचं अंग सुजतं, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. माझ्या आजोळचा एक माणूस असाच सुजून गेला.

आणि मी काय केलं? इसोआला म्हटलं, "वाफ्यांवरही खांब लाव. तुरागा शेवटी तिथेच येऊन गेले. शंभर रात्री मीही कापणार नाही."

त्याने चेष्टा केली नाही. म्हणाला, "वालेसी, तुझ्यात एवढी भक्ती असेल असं वाटलं नव्हतं." अंदींनी मान डोलावली. पाळकांनी प्रार्थनेत माझं नाव घेतलं.

भक्ती कसली. वाफ्यात कोणी उतरू नये, लांब काड्या कोणाच्या हाती लागू नयेत, माझं बिंग फुटू नये, एवढंच होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

९ एप्रिल

नळ उघडला. पाणी दाट. कुता: कापलं नाही, तांबू.

काड्या माझ्या डोक्यावर गेल्या. मग पाऊस झाला आणि सगळ्या आडव्या पडल्या. बुडखे पिवळे. शाल्विनची बोट वादळामुळे आली नाही, या महिन्यात येणारही नाही.

२८ एप्रिल

प्रवाळावर शेवाळ आलंय. आधी हिरवा लोकरीसारखा पट्टा ओढ्याच्या तोंडाशी, आता खांबापर्यंत. ओहोटीला सगळं गाव किनाऱ्यावर उभं राहून बघत होतं. तांबू असताना समुद्र माशांनी भरायला हवा, तो सडतोय.

कोणीतरी म्हणालं, "तुरागा शांत नाहीत."

दुसरं म्हणालं, "कोणीतरी काहीतरी केलंय."

मी कसावा शिजत टाकायचं निमित्त करून घरी आले. मला माहीत आहे कोणी केलंय. ते त्या चटईवर पडून आहेत आणि त्यांना झोप नाही.

इसोआ मागून आला. "महाराणी, तुझा चेहरा का उतरलाय?"

"साखर वाढली असेल."

"मग गोळी घे."

"घेते," म्हटलं. डबी रिकामी आहे. आणायला गेलं की दवाखान्यातली सिस्टर उनाईसी दहा प्रश्न विचारते, आणि माझं तोंड एकदा उघडलं तर मिटणार नाही.

६ मे

नळ उघडला. पाणी पुढे जाईना. कुजलेलं कुता नळाच्या तोंडात बसलंय आणि टाकी वरून वाहायला लागली आहे. पाणी मुलांच्या खेळायच्या जागेपर्यंत आलं.

पहाटे, बायका चूल पेटवायच्या आत, मी वाफ्यात उतरले. खांबाच्या पलीकडे. "माफ करा तुरागा, मुलं खेळतात तिथे" असं मोठ्याने म्हणत होते, ऐकायला कोणी नव्हतं. हाताने तोंड मोकळं केलं. निघताना कुताचा बुडखा तळपायात घुसला. अंगठ्याशेजारी, बोटभर आत. फार रक्त आलं नाही. नारळाच्या तेलाचा बोळा लावला.

तांबू मोडला. आता सगळं झालं.

८ मे

पाय सुजला.

९ मे

खरंच सुजला. बोटं दिसत नाहीत. आजोळच्या माणसाचंही पायापासूनच सुरू झालं होतं.

११ मे

सिस्टर उनाईसी आज मुलांना टोचायला आली होती. दारातून हाक मारली, "वालेसीताई, गोळ्या न्यायला का आला नाहीत? दोन महिने झाले."

मी चटईवर पाय दुमडून बसले, वरून कमरेला गुंडाळलेलं सुलू ओढून घेतलं. "आहेत अजून."

"कशा असतील? पाय दाखवा बघू. साखरवाल्यांचे पाय बघायचे असतात."

"पाय चांगले आहेत. चहा घेणार?"

"ताई, घाबरू नका हो, मी काही खात नाही."

हसले. ती गेली. किती चांगली पोरगी आहे. पण याच्यावर तिच्याकडे काय औषध असणार? हे दवाखान्याचं दुखणंच नाही.

१२ मे

पोटरीवर लाल रेघ आलीये. सकाळी घोट्याशी होती, आता गुडघ्याच्या जवळ. ती चढताना मी बघत बसलेय. थंडी वाजते, मग घाम. दोन बोटं काळसर झाली. मला मरायचं नाही. हे लिहायची लाज वाटते, पण मला मरायचं नाही. आणि मेले तर ती चटई माहीत असलेलं कोणीच उरणार नाही, समुद्र तसाच सडत राहील, आणि गाव दर वर्षी कोणातरी निरपराध माणसाकडे बघेल.

१३ मे

इसोआकडे जाते. पाय उचलत नाही, काठी घेतली आहे. वही गादीखाली ठेवते.

२१ मे

नाबोउवालूचा दवाखाना. वही इसोआने आणून दिली. वाचली नाही म्हणतो. आतेभाऊ आहे, खोटं बोलायचीही मुभा आहे त्याला.

त्या दिवशीचं लिहिते. मी त्याच्या दारात पोचले तेव्हा तो नारळ खवत होता.

"काय गं, काठी? म्हातारी झालीस की काय?"

"इसोआ, मला अंदींच्या पायाशी ने. क्षमा मागायची आहे."

"कशाची?"

"माझ्याकडे देवमाशाचा दात नाही. तुझ्याकडचा दे."

आमच्यात मोठा अपराध दाताशिवाय सुटत नाही, आणि तो दात उगीच कोणी मागत नाही. त्याने खवणी खाली ठेवली. मग त्याची नजर माझ्या पायाकडे गेली. पुढे एकही चेष्टा नाही. पेटीतून दात काढला आणि मला जवळजवळ उचलूनच नेलं.

अंदी काळ्या कपड्यांत बसल्या होत्या. शेजारी त्यांचे चिरंजीव रातू तेविता, आता तेच तुरागा व्हायचेत. मी दारापासून गुडघ्यांवर सरकत गेले. इसोआने दात दोन्ही हातांत धरून पुढे केला, पण कशासाठी ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून मलाच बोलावं लागलं. सगळं सांगितलं. खालचं कुता, तीनदा धुतलं, मावसबहिणीची थाप, खांब का लावायला सांगितला ते, पहाटे आत उतरले ते. मान वर केली नाही.

मग अंदी म्हणाल्या, "वेडे, त्या चटईला जोड कुठे होता?"

मला कळेना.

"मी पन्नास वर्षं विणते. रानातली एवढी लांब काडी तू कधी पाहिलीस? हात फिरवला तेव्हाच मला कळलं. तिथल्या सगळ्या बायकांना कळलं. म्हणून तर गप्प झाल्या."

"मग तुम्ही वर का ठेवलीत?"

"कारण त्यांनी सांगितलं होतं. तुझ्या वाफ्यांवरून आले त्या संध्याकाळी म्हणाले, 'साठ वर्षं गावाचं पहिलं फळ मी खाल्लं. शेवटी गावाच्या उरल्यासुरल्यावर झोपेन. वालेसीला सांगून आलोय.' मला वाटलं, तुम्हां दोघांचं ठरलंय."

सांगून आलोय. वाया घालवू नकोस. एवढंच तर म्हणाले होते, आणि मी त्यात माझीच भीती ऐकली.

"मग तू वाफ्यांवर खांब मागितलास," अंदी म्हणाल्या, "तेव्हा वाटलं, हेही त्यांनीच सांगितलं असणार. नाहीतर मीच म्हटलं असतं, गवत कापा. कुजतंय ते नाकाला कळत होतं. पण त्यांच्या शब्दावर मी कशी बोलू?" त्या दाताकडे बघत राहिल्या. "आम्ही सगळ्याच गप्प बसलो गं."

त्यांनी दाताला हात लावला, म्हणजे क्षमा झाली. नंतरचं मला नीट आठवत नाही. रातू तेविता म्हणाले, "दात राहू दे, आधी हिचा पाय बघा," हे आठवतं. भालदाराची वाट न बघता स्वतःच मोठ्याने बोलले. मग त्यांच्या गाडीच्या मागे, अंदींच्या मांडीवर डोकं. माझं डोकं त्यांच्या मांडीवर, कोणी बघितलं असतं तर.

दोन बोटं काढली. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस झाला असता तर पाय गुडघ्याखालून गेला असता, कदाचित तुम्हीच. साखर होती आणि जखम घाणेरड्या पाण्यातली. मी विचारलं, दुसरं काही नाही ना? ते म्हणाले, दुसरं काय हवंय? सिस्टर उनाईसी येऊन माझ्यावर ओरडली आणि मग रडली.

शाल्विनही येऊन गेला. त्याने समुद्रातल्या खांबाच्या आतलं पाणी तपासलं होतं. त्याला मी वाफ्यांवर खांब कधी लागला, शेवाळ कधी आलं ते सांगितलं. तो बोटांवर मोजत राहिला, मग म्हणाला, "मावशी, मी काय सांगितलं होतं? पोटात ठेवतं." मला आठवत होतं. पहिल्याच नोंदीत माझ्याच हाताने लिहिलेलं आहे. रोज वही उघडत होते आणि ते पान उलटत होते.

वाफ्यातला खांब काढला म्हणे. रातू तेवितांनी सांगितलं, वाफ्यातला काढा, समुद्रातला राहू द्या. आणि शंभर रात्री नाही, पुढचं वर्षभर.

२२ जून

काल शंभरावी रात्र होती. आज सकाळी काळे कपडे उतरवले आणि रातू तेवितांना तुरागांच्या जागी बसवलं. गावजेवणाला आपला मासा नव्हता. डुकरं कापली, दालोचे कंद, नारळाच्या दुधातली भाजी, बाकी डब्यातला मासा. शंभराव्या रात्रीच्या जेवणात डब्यातला मासा हे आमच्या गावात कधी झालं नव्हतं. सगळ्यांनी खाली बघून खाल्लं. मीही.

पण त्याआधीचं. मी कुबडी घेऊन बायकांत बसले होते. बसायची चटई आणली. नवी, अंदींनी आणि बायकांनी मिळून विणलेली. मी लांबूनच ओळखली, एकही जोड नव्हता. मी दवाखान्यात असताना त्यांनी दोन्ही वाफे कापून काढले होते. कुजलेलं केळींना, बुडख्यांतून फुटलेलं नवं वाळवायला.

इसोआने चटई पसरली आणि भालदाराच्या आवाजात सांगितलं, "ही खालच्या वाफ्यांतल्या कुताची आहे." सगळ्यांसमोर, पाहुण्या गावांच्या धन्यांसमोर. पाहुण्यांत कुजबुज झाली. रातू तेविता उभेच होते. चटईकडे बघत होते, आणि मला वाटलं, नाही बसणार. कोण बसेल? म्हाताऱ्यांचं वेगळं, त्यांना मरायचं होतं. यांना तिच्यावर जगायचंय.

ते बसले. हात टेकून, सावकाश, पाय दुमडून. मग इसोआच्या कानाशी काही कुजबुजले.

इसोआ म्हणाला, "तुरागा म्हणतात, ऊब आहे." आणि मग, आतेभावाचा आवाज काढून, "एवढ्या माणसांची आहे, असणारच."

आधी बायका हसल्या. मग पाहुणे. मी हसताना रडले, दोन्ही एकदम.

उद्या शाल्विन येईल आणि वही मागेल. मघाशी पानं फाडायला बसले होते. पहिलं हातात धरलं, फेब्रुवारीचं. फाडलं तर तारखा जातील. कधी कापायचं थांबलो, कधी आडवं पडलं, कधी शेवाळ आलं, सगळं माझ्या रडगाण्यातच आहे. दुसऱ्या गावांत आता वाफे करणार आहेत म्हणे, तिथेही कोणाचे तरी धनी मरतील आणि कोणीतरी खांब लावेल. वाचू दे त्याला. लाज जायची तेवढी गेलीये.

पानं फाडली नाहीत.

नळ उघडला. पाणी फिकट, तळाचा दगड दिसतो. कुता: कमरेइतकं वाढलं, पुढच्या महिन्यात कापायचं. वास: आहे. भीती: आहे.